बिनविरोध सोसायटीत आई उभी राहिली तेव्हा

आमच्या सोसायटीत तीन मजले, अठरा घरं आणि कायमचे एकच अध्यक्ष : तळमजल्यावरचे काका. निवडणूक आली की गच्चीवर सभा व्हायची. कुणीतरी विचारायचं, "बिनविरोध ना?" आणि सगळे जिलेबीकडे वळायचे. ही पद्धत सगळ्यांनी गावाकडून आणलेली. बिनविरोध म्हणजे एकी, अर्ज भरला म्हणजे भांडण.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. व्हॉल्व्हची चावी काकांकडे. आधी तळमजला भरायचा, मग मधला म्हणजे दुसरा, आणि आम्हा तिसऱ्या मजल्यावाल्यांना उरलंसुरलं. आई खालून बादल्या वाहायची. तिचे गुडघे गेले तेव्हा मी ठरवलं, या वेळी लढायचं.

मोर्च्यांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवून मी मोठा झालो. क्रांती चौकातून पत्रकाच्या झेरॉक्स काढून आणल्या : 'एकाधिकारशाही मुर्दाबाद!' घर आईच्या नावावर, म्हणून उमेदवार आई. ती म्हणाली, "अरे, व्हॉल्व्हसाठी मुर्दाबाद कशाला?"

सूचक म्हणून सही करायला समोरच्या गुरुजींनी तीन दिवस घेतले. "तुझं बरोबरय रे, पण संबंध बिघडतात."

काकांनी मला जिन्यात गाठलं. "काय रे बाबा, चीनमधी बघ. एकच पक्ष, दहा दिवसात पूल उभा. तुमच्या लोकशाहीत नुसती कटकट!"

"काका, त्या पुलाला तडा गेला तर तिथं बोंब कुणी मारायची?"

"तू लई वाचतोस," म्हणून ते निघून गेले.

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. आपल्या शहरात सगळे पक्ष मिळून एकच रस्ता पुन्हा पुन्हा खोदतात. पण निवडणुकीत पाडायला दुसरा कुणी असला की त्यातला प्रत्येक जण एकदा तरी दारात येऊन हात जोडतो. एकच पक्ष असला की दारापर्यंत यायची गरजच काय?

मतदानाच्या आदल्या दिवशी बेल वाजली. दारात काका, धापा टाकत.

"वहिनी, एक मत द्या."

"भाऊजी, अहो, मीच उभी आहे!"

"व्हय, माहितीय. पण विचारायला काय जातं? पाणी द्या जरा."

आईनं अर्धा पेला दिला. "पुरा देत नाय हं. परवापर्यंत पुरवायचंय."

काका पेला हातात धरून जिन्याकडे बघत राहिले. पायरीपायरीवर आमच्या आणि गुरुजींच्या बादल्या मांडलेल्या. इतक्या वर्षांत ते तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदाच आले होते.

आई सात विरुद्ध अकरा हरली. काका पुन्हा अध्यक्ष झाले, जिलेबीही त्यांनीच वाटली.

पुढच्या वेळी पाणी आलं ते आधी तिसऱ्या मजल्याला. मी मोरीच्या दारात उभा राहून आपण का हरलो याची कारणं आईला तावातावानं सांगत होतो. दुसऱ्या मजल्यानं दगा दिला, पत्रक उशिरा वाटलं, वगैरे.

"ते मग सांग," नळाच्या आवाजावर आवाज चढवत आई म्हणाली. "आधी दुसरं पिंप सरकव इकडं, वाहून चाललंय!"