वरच्या दोन खोल्यांची गिऱ्हाइकं

खोल्या दोनच. पण त्यांचे किस्से इतके साचलेत की ते ठेवायला तिसरी बांधावी लागेल! गवंडीकाम केलंय जन्मभर, बांधीनही. शाळा म्हणाल तर चौथीतच मास्तरांनी हाकललं. ज्याला माझं लिहिणं खटकेल त्यानं पुढं वाचू नये.

घर माळव्यातल्या धारला, मांडूच्या किल्ल्याच्या रस्त्यावर. सगळं माझ्या हातचं. पुण्याचा मुलगा अविनाश म्हणतो, "आबा, घर विकू. माझ्याकडं राहायला या." त्याच्या फ्लॅटच्या भिंती मी बघितल्यात. त्यांना भिंती म्हणणाऱ्याला माझ्याकडं पाठवा! मी हलायला तयार नाही, तो ऐकायला तयार नाही. शेवटी लेक सुमी इंदूरची नोकरी सोडून आली. "दादा, दिवाळीपर्यंत थांब. वरच्या खोल्या पाहुण्यांना देते. नाही चाललं तर विक."

"दिवाळी म्हणजे दिवाळी," अविनाश म्हणाला.

म्हणजे माझं छप्पर राहतं की जातं, ते परक्या माणसांच्या हातात!

*

सुमीनं खोल्या तीन अ‍ॅपवर टाकल्या. मी म्हटलं, "एकच म्हैस तीन बाजारांत उभी करतेस?"

"आता असंच असतं, आबा."

पहिल्याच शनिवारी एक खोली भरलेली, आणि दुसरीवर दोन कुटुंबं हजर. एक नाशिकचं, एक उज्जैनचं. दोघांच्याही फोनात बुकिंग पक्कं.

"भिया, हमारा पहले हुआ!"

"अहो, आम्ही पैसे भरलेत!"

मग खालची माझी खोली नाशिककरांना दिली आणि मी ओट्यावर खाट टाकली. सकाळी बघतो तर दोन्ही कुटुंबं एकाच गाडीत कोंबून मांडूला निघालेली. परत गेल्यावर दोघांनीही अ‍ॅपवर एकच लिहिलं : शेजारी फार चांगले. मालक खवट!

तेव्हापासून एकीकडं बुकिंग आलं की सुमी बाकी दोन्हीकडं तारीख बंद करते.

*

फोटो काढायला इंदूरहून माणूस आणला. तो पार कोपऱ्यात पालीसारखा चिकटला आणि तिथून फोटो काढले. खोली एवढी मोठी दिसली की मीच विचारलं, "ही कुणाची?"

भोपाळचे एक साहेब ते फोटो बघून आले. दारात उभे राहिले, आत बघितलं, मागं बघितलं.

"बाकी का कमरा किधर है?"

"फोटो में रह गया," मी म्हटलं.

सुमीनं मला खाली पिटाळलं.

*

मराठी पाहुणा आला की मी आडनाव विचारतो, मग मूळ गाव, मग आजोळ. आपली माणसं पेशवाईत मराठी राजांच्या मागं इकडं आलेली. धार काय नि देवास काय, तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच! देवासचा एक जण माझ्या मावसबहिणीच्या दिराचा जावई निघाला. जावयाकडून भाडं घेतात होय? उलट टॉवेल-टोपी देऊन पाठवला.

सुमीनं कपाळावर हात मारला. "आबा, मी गिऱ्हाईक आणते आणि तुम्ही त्याचा सोयरा करता! आजपासून आडनाव विचारायचं नाही."

पुढं हाटपिपल्याचे एक गृहस्थ आले. मी तोंड शिवून बसलो. किल्ली दिली, गिझरचं बटण दाखवलं, बस.

जाताना सुमीला म्हणाले, "मराठी घर म्हणून मुद्दाम इथं उतरलो. म्हाताऱ्यानं साधं कूळसुद्धा विचारलं नाही!"

*

मग मीही पेटलो. अ‍ॅपशिवाय माणूस येत नाही काय? धामनोदला माझ्या दोस्ताचा ढाबा आहे. त्याला सांगून ठेवलं, कुणी मुक्कामाचं विचारलं तर आमच्याकडं पाठव.

आलं की गिऱ्हाईक! चौदा चाकांचा ट्रक, वर कांदे. गल्लीच्या तोंडाशी अडकला आणि दूधवाला, शाळेची रिक्षा, सगळं तुंबलं.

"बाबूजी, ढाबेवाले भिया ने भेजा है. पार्किंग है ना?"

सुमी ओरडली, "आबा, आपल्याकडं एकाच गाडीचं पार्किंग आहे!"

"मग? एकच तर गाडी आहे!"

*

खोल्या बऱ्यापैकी भरू लागल्या. पण अविनाश स्वस्थ बसतोय होय! दिवाळी तोंडावर आली तसा तोही गिऱ्हाईक घेऊन आला. खोलीचं नव्हे, घराचं! कुक्षीचे कापसाचे व्यापारी, शेठजी. अविनाश त्यांना घेऊन जिना चढणार, तो सुमी आडवी उभी.

"वर पाहुणे आहेत. दार वाजवायचं नाही."

"अगं, ते घर घ्यायला आलेत!"

"मग अ‍ॅपवर रिकामी तारीख बघा म्हणावं."

अविनाश लालबुंद. शेठजी मात्र ओट्यावर टेकले, चष्मा लावला, फोन काढला आणि पुढच्या बुधवारची खोली खरंच घेतली! "शेठजी हो म्हणाले की सही करायची, आबा," असं बजावून अविनाश पुण्याला गेला.

बुधवारी शेठजी शेठाणींना घेऊन आले. बाईंनी सगळे नळ सोडून बघितले. शेठजी गच्चीवर फिरले, गिलाव्यावरून हात फिरवला. पाया किती खोल, वाळू कुठली, पाणी किती दिवस मारलं, सगळं मी न विचारता सांगितलं. ते नुसते "हूं" म्हणाले. सुमीनं वाढलेलं पोटभर जेवले आणि सकाळी हात जोडून निघून गेले. हो नाही, ना नाही!

सुमी घडीघडी फोन बघत होती. मी सहीचं पेन शोधून ठेवलं.

संध्याकाळी शेठजींचं उत्तर आलं. अविनाशला फोन नाही, मला निरोप नाही. थेट अ‍ॅपवर, साऱ्या दुनियेसमोर. पाचातले दोन स्टार, आणि खाली लिहिलेलं :

"पानी देर से गरम होता है. डोकरा बहुत बोलता है. मकान बेचना मत, भिया."