दहाला चेकआऊट!

लॉजमधले आम्ही दोन जुने शेजारी भेटलो, की चहा गार होतो, बायको वैतागते, पण लॉजच्या गप्पा काही संपत नाहीत!

पौडच्या एसटी स्टँडमागं ते लॉज होतं. कचेरीच्या कामाला आलेली माणसं तिथं मुक्काम करायची. पुढं गाड्या वाढल्या, मुक्काम घटले. मग पंचाहत्तरच्या सुमारास मालकानं खोल्या आम्हा गरिबांना भाड्यानं दिल्या. मी नवा मास्तर, खोली नंबर तीन. खोल्यांबरोबर जुने मॅनेजर रामभाऊ फुकट मिळाले. त्यांना मागंपुढं कुणी नव्हतं, काउंटरमागंच राहायचे. लॉज बंद झालंय, हे त्यांना बहुतेक कुणी कळवलंच नव्हतं!

*

रोज सकाळी दहाला दारावर रामभाऊंची टकटक. "चेकआऊट!"

पाच नंबरचा बबन गवंडी एकदा भडकला. "आवो, मी हितं बायकापोरांसकट ऱ्हातोय!"

"ऱ्हा की. पर मुक्काम वाढवायचा तर दहाच्या आत सांगायचं आस्तं."

*

रजिस्टरही चालूच. नाव, कुठून आले, कुठे जाणार. दर महिन्याला तेच प्रश्न. मी एकदा वैतागून म्हणालो, "स्वर्गात!" त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.

*

खोल्यांत वेटरला बोलवायची बेल होती. सात नंबरच्या शांताबाई खडी फोडायला जायच्या. नवरा वारलेला, दिवस भरलेले. एका दुपारी त्यांनी बेल दाबूनच धरली. रामभाऊ खांद्यावर फडकं टाकून धावले. "काय आणू? चहा का पाणी?"

"सुईण आणा!"

आणली. मुलगी झाली.

*

पुढं शांताबाईंनी रेशनकार्डाचा अर्ज केला. अर्ज मीच लिहिला. कार्ड नाही तर रॉकेल नाही, साखर नाही. मायलेकींचे फार हाल चालले होते. चौकशीला साहेब आले आणि दारावरची पाटी बघूनच थबकले. "हे तर लॉज आहे. पाहुण्यांना कार्ड मिळत नाही."

रामभाऊंनी रजिस्टर पुढं केलं. साहेब पानं उलटत गेले. 'स्वर्गात' वाचून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मेल्याहून मेलो!

मग एका पानावर ते थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले. "नाव: शांताबाईची लेक. कुठून आली: हितंच. कुठे जाणार: कुटं जाईल? घर हाय तिचं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बाई, घरात माणसं किती? तुम्ही आणि मुलगी, दोनच ना?"

शांताबाईंनी काउंटरकडं पाहिलं.

"तीन लिवा."