पाटीवरचं नाक
नवा खडू मोडला की त्याच्या वासाबरोबर मला कळंबचं घर आठवतं. वडील पूर्वी जत्रांमधून तंबूत सिनेमे दाखवायचे. म्हातारपणी विसरण्याच्या आजारात मात्र ते आम्हा कुणालाच ओळखेनात. गोळ्या, मालिश, जुने फोटो, सगळं वेळच्या वेळी करून मी हरले होते. एका दुपारी टीव्हीवर जुनं कार्टून लागलं. त्यात त्यांच्या काळातल्या एका नटाची हनवटी फावड्याएवढी काढली होती. वडील खदखदून हसले, "अरं, ह्यो तर आपला हिरो! लई पिच्चर चालवलं म्या ह्याचं!" औषधांच्या वेळा लिहिलेली पाटी मी घाईने पुसली, तिच्यावर खडूने माझंच तोंड काढलं आणि नाक पार कडेपर्यंत लांबवलं. "आन् ही कोण, दादा?" मी वडिलांना विचारलं. "ही व्हय? आमची थोरली! नाक बघा की तिचं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "तिला जरा बोलवा की, बाई." मी ओसरीवर जाऊन स्वतःच्याच नावाने मोठ्यांदा हाक मारली, डोळे पुसले आणि "आले, दादा" म्हणत आत शिरले. ते माझ्यामागे दाराकडेच बघत राहिले. आजही वाटतं, त्या क्षणी माझं नाक पाटीवरच्याएवढंच लांब असायला हवं होतं.