बदली येईपर्यंत

सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली त्याला चार दिवस झाले होते. आमची कंपनी काचिगुडा स्टेशनजवळच्या एका शाळेत उतरली होती. मी सेकंड लेफ्टनंट होतो. वय बावीस, कमिशन मिळून सात महिने. माझ्याकडे एकतीस जवान होते, एक ट्रक होता, एक वायरलेस सेट होता आणि हवालदार सखाराम मोरे होता. यातलं सगळ्यात कामाचं काय, हे कळायला मला एक अख्खी सकाळ लागली.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, सहाला चहा, सातला पार्टी बाहेर. मोहल्ल्यामोहल्ल्यातून शस्त्रं गोळा करायची, पावती द्यायची, ट्रकमध्ये टाकायची. तलवारी यायच्या, ठासणीच्या बंदुका यायच्या, एकदा तर लग्नात नवरदेवाच्या हाती देतात ती गंजकी कट्यार आली. अफझलगंजात एका अत्तरवाल्यानं आजोबांची बंदूक दिली, पावती नीट वाचून घेतली आणि जाता जाता आम्हा सगळ्यांच्या मनगटांना अत्तर लावलं. दिवसभर प्लाटूनला वाळ्याचा वास येत होता. मोरे म्हणाला, "साब, आज कुठं धाड टाकाया नको. वासानंच वळखतील."

मी इथलाच. बरकतपुऱ्यात आमचं घर. वडील संस्थानच्या महसूल खात्यात कारकून. मी फौजेत गेलो तो त्यांना न विचारता, आणि तीन वर्षं घरचं तोंड पाहिलं नव्हतं. आता घर मैलभरावर होतं आणि तरी मी गेलो नव्हतो. काहीतरी करून दाखवावं आणि मगच दारात उभं राहावं, असं डोक्यात होतं. हा निव्वळ मूर्खपणा होता. आई रोज दार उघडून रस्त्याकडे बघत होती, हे मला नंतर कळलं.

सकाळी सात दहाला कंपनी कमांडरनं बोलावलं. स्टेशनच्या पलीकडे माळावर संस्थानी फौजेचं दारूगोळ्याचं कोठार होतं. फौजेत त्याला मॅगझिन म्हणतात. तिथलं गार्ड अजून बाहेर आलं नव्हतं. एक नाईक, सहा शिपाई.

"ताब्यात घे," मेजरसाहेब म्हणाले. "गोळीबार नको. आत माल ठासून भरलाय, आणि भिंतीला लागून वस्ती आहे."

"अर्ध्या तासात घेतो, सर."

अर्धा तास कुणी मागितला नव्हता. माझ्या तोंडाला लगाम नव्हता, एवढंच.

पावणेआठला आम्ही पोहोचलो. दगडी भिंतीचं आवार, लोखंडी गेट, आत बसकी इमारत. मागच्या भिंतीला टेकून वीस-तीस घरं, बहुतेक तेलुगू कुटुंबं. मी दोन जवान पाठवून ती खाली करायला सांगितली. काम हळू चाललं होतं. एका घरात दोन दिवसांची बाळंतीण होती आणि तिची सासू तिला बाजेवरून हलवू देत नव्हती.

मी गेटपासून पन्नास पावलांवर आडोसा घेतला आणि कर्णा तोंडाला लावला. भाषा मला येत होती, त्याचीही थोडी घमेंड होतीच.

"हथियार फेंको. हाथ ऊपर करके एक-एक बाहर आओ."

भिंतीतल्या भोकाआडून म्हातारा आवाज आला. "कैकू? हम चोर हैं क्या?"

"तुम्हारी फौज हार गई. लडाई खतम."

"मेरे कू मालूम है साब. लडाई खतम हुई तो मैं कैदी कैसा? बदली भेजो. बदली के बगैर कोई अंदर आया तो पलीता लगा देतूं. येईच हुकुम है."

बदली म्हणजे पहारा घ्यायला येणारं नवं गार्ड, पलीता म्हणजे वात. तो माल पेटवून देण्याची धमकी देत होता. मला वाटलं, वेळ काढतोय.

"बदली-बिदली कुछ नहीं. दस मिनट देता हूँ."

उत्तर म्हणून एक गोळी आली. आमच्या डोक्यावरून चिंचेच्या झाडात गेली. खाली थोडी पानं पडली. तो मुद्दाम वर मारत होता हे न कळण्याइतका मी रागावलो होतो.

दहा मिनिटांचे वीस झाले, विसाचा तास झाला. मी दोनदा धमकी दिली, दोनदा तेच उत्तर आलं. दहा वाजता दुर्बिणीतून पाहिलं तर गेटवरचा त्यांचा संत्री बदलत होता. नवा शिपाई आला, जुन्याच्या बाजूला उभा राहिला, दोघं काही बोलले, जुना पावलं टाकत आत गेला. नव्याचे बूट चमकत होते. आमच्या दोन ब्रेन गन त्याच्यावर रोखलेल्या होत्या आणि तो शांतपणे फेऱ्या मारायला लागला.

"माज बघा," मी म्हणालो.

मोरे माझ्या शेजारी पालथा पडून तेच बघत होता.

सव्वादहाला मी सेटवर गेलो. वन म्हणजे कंपनी, टू म्हणजे मी.

"हॅलो वन, टू कॉलिंग. मॅगझिन अजून क्लिअर नाही. ओव्हर."

"वन. आर्मर्ड कार अकराला तुझ्याकडे पोहोचेल. गेट तोडेल. वस्ती खाली झाली का? ओव्हर."

"निम्मी. ओव्हर."

"घाई कर. आउट."

मी हेडफोन काढला. गेट तुटलं की म्हातारा वात लावणार, यात मला शंका नव्हती. बाळंतीण अजून आतच होती. माझे एकतीस जवान त्या भिंतीभोवती होते. आता मी घाबरलो. त्याआधी मी घाबरलो नव्हतो असं नाही, पण तोवर रागानं भीती झाकली होती.

मोरे जवळ येऊन बसला. साताऱ्याकडचा माणूस, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, दोन आघाड्यांवर लढून आलेला. "साब, एक बोलू का?"

"बोल."

"ती लोकं लढाया बसल्याली न्हाईत. पहारा देत्यात. मी आठाला बघितलं, दहाला बघितलं. घड्याळ लावून संत्री बदलत्यात. लढणारा माणूस बूट पॉलिश करीत न्हाई."

"मग?"

"मग काय? म्हातारा सकाळपासनं कोकलतोय, बदली द्या म्हणून. तुमी हात वर कर म्हणताय. त्याला गार्ड सोडायचंय, पण गार्डासारखं. आपण बदली देऊ."

मला ते अपमानासारखं वाटलं. जिंकलेल्या फौजेनं हरलेल्या फौजेची पहारा-बदली करायची? मी तसं बोलूनही दाखवलं. मोरेनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता, पण माझं वय त्यात स्पष्ट दिसत होतं.

"साब, तीन दिस त्याच्याकडं कुणी आलं न्हाई. त्याचे साहेब गेले. त्याच्या जागी मी असतो तर मीबी हेच केलं असतं. तुमी मला हात वर कर म्हणाला असता का?"

"नाही," मी म्हणालो. मग सेटवर जाऊन अकराच्या पुढे एक तास मागितला.

"कशासाठी? ओव्हर."

"गार्ड माउंटिंगसाठी, सर. ओव्हर."

पहारा बदलायच्या कवायतीला फौजेत तेच म्हणतात. "तुझ्या जबाबदारीवर. बारा वाजेपर्यंत. आउट."

मोरेनं सहा जवान निवडले. चिंचेखाली एका पाण्याच्या डब्यात त्यांनी दाढ्या केल्या. कापडं झटकली, पट्टे घासले. बुटांना लावायला पॉलिश कुणाकडे नव्हतं. ट्रकच्या ड्रायव्हरनं गुपचूप ग्रीस दिलं. आयुष्यात मी अनेक इन्स्पेक्शन्स घेतली, पण इतक्या बारकाईनं कधीच नाही. एकाचं बटण ढिलं होतं. मी ते शिवून घेतलं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी मी कर्ण्यात बोललो. आवाज कोरडा पडला होता.

"नाईक साब. नया गार्ड आ रहा है."

मी पिस्तुलाच्या चामडी पिशवीचं बटण लावलं आणि पुढे झालो. मोरे आणि सहा जवान रांगेत, पावलाला पाऊल. उघड्या माळावर पन्नास पावलं फार लांब असतात. गेटसमोर वीस पावलांवर मोरेनं हॉल्ट दिला. गेटवरचा संत्री सावधान उभा राहिला, पण गेट बंदच. रीत अशी की जुनं गार्ड बाहेर रांगेत येतं, आधी सलामी देतं, मग नवं गार्ड देतं. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. भोकातून बंदुकीची एक नळी दिसत होती.

मोरे ओठ न हलवता म्हणाला, "साब, आपणच आधी देऊ."

मी मान हलवली. मोरेनं हुकूम दिला.

"न्यू गार्ड, प्रेझेंट आर्म्स."

सहा बंदुका एका आवाजात उभ्या राहिल्या. मी सॅल्यूट केला आणि हात तसाच ठेवला. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग आत कडी सरकल्याचा आवाज आला. गेट उघडलं. एक पांढऱ्या दाढीचा नाईक बाहेर आला, त्याच्यामागे त्याचे शिपाई. गेटवरचा संत्री रांगेत मिळाला. नाईकानं रांग सरळ केली, एकाला डोळ्यानंच अर्धं पाऊल मागे घेतलं आणि हुकूम दिला. त्यांची सलामी आमच्यापेक्षा चांगली होती, हे मी लिहून ठेवतो.

त्याचं नाव युसुफ खान. पुढचा अर्धा तास त्यानं मला छळलं. प्रत्येक वस्तू दाखवून, मोजून, माझ्या हवाली केली. पेट्या, कुलपं, किल्ल्या. कंदील दोन. रेतीच्या बादल्या चार. मातीचा रांजण एक. "रांजण फूटा हुआ लिखो साब, नै तो बाद में मेरे कू पूछेंगे." शेवटी पेट्यांमधून गेलेली वात त्यानं स्वतःच्या हातांनी उपसून गुंडाळी केली. "पलीता एक. माचिस एक." ती काड्यापेटी हातात पडली तेव्हा मी एका रिकाम्या खोक्यावर बसलो. मोरे दुसरीकडे बघत राहिला. तो त्याचा शिष्टाचार होता.

"हॅलो वन, टू कॉलिंग. मॅगझिन ताब्यात. नो कॅज्युअल्टीज. ओव्हर."

"शाबास. आर्मर्ड कार परत बोलावतो. आउट."

बाळंतिणीच्या सासूनं भिंतीवरून चहाची किटली दिली. माझे जवान आणि त्यांचे शिपाई एकाच किटलीतून प्यायले. जवान हसत होते, मीही हसलो. कशावर, आठवत नाही. बहुधा रांजणावर.

त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो, दाखवायला काहीही न घेता. आईनं विचारलं ते एवढंच, की जेवलास का. वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सॅल्यूट आधी तू केलास, हे बरं केलंस." तीन वर्षांनी ते माझ्याशी बोलले होते.

मोरे पुढच्या हिवाळ्यात उत्तरेच्या सीमेवर सुरुंग काढताना गेला. मी रिटायर होऊन कैक वर्षं झाल्यावर दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासनं मला लीडरशिपवर बोलायला बोलावलं होतं. पोरं वह्या उघडून बसली होती. एकानं विचारलं, "सर, पाच पॉइंट देता का?" मी म्हणालो, माझ्याकडे एकच आहे, आणि तोही हवालदार मोरेचा. समोरच्या माणसाला मान खाली न घालता बाहेर येता येईल असं दार आधी शोधा. ते दार तुमच्या हुशारीला दिसत नसेल, तर ज्याला दिसतं त्याचं ऐका. पोरांनी लिहून घेतलं. मोरेची फार आठवण येते.

पण त्या दिवसाचं मॅगझिनवरचं एक काम मी अजून सांगितलेलं नाही.

किटली रिकामी झाली. मी युसुफ खानाला म्हणालो, गार्ड बदलून झालं, तुम्ही निघा. तो हलला नाही.

"एक बदली रै गई साब. पोस्ट नंबर तीन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक नाईक, सहा शिपाई. बाहेर आलेले शिपाई पाच होते. मी सबंध सकाळ ब्रेन गन रोखून बसलो होतो आणि माणसं मोजली नव्हती.

तो आम्हाला इमारतीच्या मागे घेऊन गेला. कमरेएवढं गवत, आणि भिंतीजवळ ताज्या मातीचा उंचवटा. सिपाही महबूब अली, राहणार बीदर, वय एकोणीस. दोन दिवसांपूर्वी पहाटे पोस्टवर असताना साप चावला. रस्ते बंद, डॉक्टर नाही. दुपारी गेला. यांनीच नमाज पढून इथे पुरला.

"तब से पोस्ट खाली नै रखा साब. पर उसकी बदली किसने नै की."

मोरेनं माझ्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्यानं एक जवान बोलावला आणि उंचवट्याच्या डाव्या बाजूला, जुन्या संत्र्याच्या शेजारी जसा उभा करतात तसा, उभा केला. जुना संत्री नव्याला पोस्टचे हुकूम सांगतो. ते युसुफ खानानं सांगितले. या भिंतीपासून त्या झाडापर्यंत. आग दिसली तर घंटा. गवतात संभाल के. आवाज फक्त शेवटच्या वाक्यावर हलला. मग मी सॅल्यूट केला आणि सुटकेचा हुकूम दिला. युसुफ खानानं कमरेचा पट्टा सोडला आणि तिथेच गवतात बसला.

मी सेट इमारतीमागेच मागवून घेतला.

"हॅलो वन, टू कॉलिंग. मघाच्या रिपोर्टमध्ये करेक्शन. कॅज्युअल्टी एक. सिपाही महबूब अली. सर्पदंश. ओव्हर."

"या नावाचा जवान तुझ्याकडे नाही. आपला की त्यांचा? ओव्हर."

मी मागे वळून पाहिलं. माझा जवान अजून उंचवट्याशेजारी उभा होता.

"मॅगझिन गार्डचा, सर. ओव्हर."

"नोंद घेतली. आउट."

कंपनीच्या त्या महिन्याच्या डायरीत महबूब अलीचं नाव आमच्या जवानांच्या यादीत आहे. ते मी नंतर स्वतः पाहिलं. दुरुस्त करा, असं मी कुणालाही सांगितलं नाही.