यंत्राचा पहिला मान

नानासाहेबांच्या बैठकीतल्या नव्या खुर्च्यांवरचे कागद निघत नसत. कोणी मोठा माणूस बसून गेल्याशिवाय घरच्यांनी टेकायचे नाही, असा नियम होता. आम्ही त्या खुर्च्यांसमोर सतरंजीवर बसत असू. "पाहुण्याच्या आधी घरच्यानं ताटाले हात लावू नाही," असे ते म्हणत. मलकापुरात याला कोणी हरकत घेत नसे, कारण कापसाचे जिनिंग त्यांचे आणि धर्मार्थ दवाखानाही त्यांचाच. त्या दवाखान्यात मी कारकून होतो. त्यांची भाषणेही मीच लिहीत असे.

माणूस प्रेमळ होता. रहमान शिंप्याची सात वर्षांची सकीना दवाखान्यातच असे. तिचे स्नायू जन्मापासून दुबळे. तिला हसता येई, खोकता येत नसे. साधी सर्दी झाली तरी कफ छातीतच राही. नानासाहेब तिच्यासाठी रोज बत्तासे आणत, आणि तिला गिळवत नाही म्हटल्यावर तिच्या उशाशी बसून स्वतःच खात.

तिच्यासाठीच त्यांनी खटपट करून अमेरिकेहून खोकण्याचे यंत्र आणवले. मुखवट्यातून छातीत हवा भरायची आणि झटक्यात ओढून घ्यायची, की कफ वर येतो. यंत्र रेल्वेने आले आणि लाल मखमलीखाली कुलपात गेले. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. "पहिला मान तुहाच, बेटी," ते सकीनाला म्हणाले.

मंत्र्यांची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तेवढ्यात सकीनाला सर्दी झाली. डॉक्टर रहमानला घेऊन किल्ली मागायला गेले.

"परवा मंत्री येऊन राह्यले, डाक्टर. त्याइले काय उष्टं यंत्र दाखवू?"

"पोरगी परवापर्यंत टिकणार नाही, नानासाहेब."

"काऊन घाबरता? मशीन का पळून जाऊन राह्यलं?"

"मशीन नहीं भाग रही, मालिक," रहमान म्हणाला, "बच्ची जा रही."

नानासाहेबांचे डोळे भरून आले. किल्ली मात्र कमरेच्या करगोट्यालाच राहिली. डॉक्टर पगारी होते, ते परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सकीना गेली. नानासाहेबांनी अर्धा दिवस जिनिंग बंद ठेवले आणि भाषणात एक करुण परिच्छेद घालायला मला सांगितले.

मंत्री आले. फीत कापून झाल्यावर म्हणाले, "चालवून दाखवा की." दाखवायला मूल उरले नव्हते. तेव्हा नानासाहेबांनी फेटा उतरवला, खुर्चीत बसले आणि मुखवटा लावून घेतला. यंत्र घरघरले. ते असे खणखणीत खोकले की मांडवाबाहेरचे बैल बुजले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

मुलीची गोधडी न्यायला आलेला रहमान हे सगळे दवाखान्याच्या दारातून पाहत होता. गोधडी काखेत धरून तो पुढे आला.

"मालिक, खांसी बहोत अच्छी आई आपको."

नानासाहेबांनी मिशा पुसल्या. "मंग! अमेरिकेचं हाये," ते खुशीत म्हणाले, आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.