धावजी नाईक तांड्याचा पत्ता

लढाईवरून परतलेल्या शिपायांपैकी कोण कोण छोटंमोठं दुकान थाटून बसलंय, याची यादी करायचं काम १९६१ साली माझ्या गळ्यात पडलं. यवतमाळच्या कचेरीत मी कारकून, आणि कागद रंगवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. लष्कराकडून आलेल्या पत्त्यावर जायचं, माणूस भेटला की रकाना भरायचा; नाही भेटला की काट मारून मोकळं व्हायचं.

राळेगावला पोचायला पुढचा वैशाख उजाडला. तिथल्या एस.टी. स्टँडसमोर हिरासिंगचं सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. बंजारा गडी, ब्रह्मदेशात लष्करी ट्रक हाकून आलेला, आता पंक्चर काढायचा. त्याची माहिती लिहून झाली, तसा तो हात पुसत म्हणाला, "साहेब, त्या कागदात खेमसिंग हाये का पाहा ना जी."

खेमसिंग त्याच्याच ट्रकवरचा जोडीदार. सुटल्यावर दोघांनी मिळून सायकलचं दुकान टाकायचं ठरलं होतं. सेहेचाळीस साली हिरासिंग त्याच्या तांड्यावर गेला, तर पाणी आटल्यापायी तांडा उठून गेलेला, मागे नुसते चुलींचे दगड. तेव्हापासून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तो न्याहाळत होता. सांगताना तो हसला. मला काही हसवेना.

यादीत खेमसिंग होता. पत्ता तांडा उठल्यानंतरचा: धावजी नाईक तांडा, ढाणकीजवळ. त्यावर माझ्याच हातची काट होती.

"दिवाळीत गेलो होतो मी," मी म्हणालो. "असा तांडाच नाही तिकडे." बाजारात दोन दुकानांत विचारून परतीची गाडी धरली होती, हे मात्र सांगितलं नाही.

हिरासिंगनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "धावजी मेला असन, साहेब. नवा नाईक झाला का तांड्याचं नाव बदलते. एखाद्या म्हाताऱ्याले काहून नाही पुसलं?"

रविवारी मीच त्याला घेऊन ढाणकीला गेलो. बाजारातल्या पहिल्याच म्हाताऱ्यानं सांगितलं, धावजीचा तांडा म्हणजे आताचा पूनमसिंग नाईक तांडा, दीड कोसावर.

तांड्याच्या तोंडाशीच छपराखाली सायकलचं दुकान होतं. खेमसिंगची बायको गंगी बाहेर आली. खेमसिंग होळीच्या आठवड्यात वारला होता. दिवाळीत मी तो दीड कोस चाललो असतो, तर दोघं भेटले असते. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही.

छपराखाली दोन पाट होते. एक बसून बसून गुळगुळीत झालेला, दुसरा नवाच्या नवा.

"त्याच्यावर कोणाले बसू देत नव्हते ते," गंगी म्हणाली. "हिरासिंगचा हाये म्हनत."

हिरासिंगनं बराच वेळ त्या पाटाला हात लावला नाही. मग हळूच बसला. खेमसिंगचं नाव पुन्हा लिहावं म्हणून मी घाईघाईनं यादी काढली, तर त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या ते काट, साहेब. आता बरोबर हाये."