अकलोलीच्या पाण्याचा ताप
कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता चाळिशीत मी पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय घराजवळचा म्हणून निवडला: अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांतलं पाणी तपासून, जमिनीखाली ते किती तापलेलं असेल याचा अंदाज बांधायचा. खोलवर गरम पाण्यात खडकातली सिलिका विरघळते. पाणी जितकं गरम, तितकी सिलिका जास्त, आणि पाणी झटकन वर आलं तर ती तशीच त्यात राहते. ती मोजायची, सूत्रात घालायची, की खालचं तापमान हाती. कागदावर इतकं सोपं.

पावसाळा संपता संपता एका रविवारी कुंडावर पोचले, तर आत साबण लावून आंघोळी चाललेल्या. दोन तास काठावर ताटकळले. शेवटी बुडबुडे येत होते तिथून प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या. काच चालत नाही. काचेतलीच सिलिका पाण्यात उतरते. एका बाटलीत धातू मोजण्यासाठी आम्लाचे थेंब टाकले आणि तिच्यावर लाल फुली मारली. धामणकर नाक्यापर्यंत शेअर रिक्षात सगळ्या बाटल्या मांडीवर. शेजारी बसलेला विचारतो, ‘मॅडम, घुटने की दवा है क्या?’

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर ओट्यावर सरबताच्या काचेच्या बाटल्या भरून ठेवलेल्या आणि माझ्या बहुतेक बाटल्या धुऊन पालथ्या.

‘आई, माझं पाणी?’

‘काचेत वतलं. तीर्थ कुनी प्लास्टिकमदी ठेवतं का?’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर अकलोलीजवळच्याच गावातलं. ‘आन् थोडं शेजारनीला दिलं. तिचे गुडघे दुखतान.’

‘आणि ती लाल फुलीची, आम्ल घातलेली बाटली?’

‘ती न्हाय. ती हाय तशीच हाय.’

देवाला हात जोडले आणि मग मनसोक्त भांडी आदळली.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच काठ, तोच साबण, तेच दोन तास. एवढं करून उत्तर आलं तर तेही धड नाही. सिलिका म्हणत होती, शंभर अंशांच्या आसपास. दुसऱ्या सूत्राने, सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रमाणावरून काढलं, तर दीडशेच्या पुढे. मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘एवढा फरक? पुन्हा कर.’ तीनदा केलं. फरक हलेना.

जेवताना नवरा म्हणाला, ‘अगं, पण नक्की किती ते एकदाचं सांग ना.’

‘मी काय खाली उतरून थर्मामीटर लावून येऊ?’ मी ओरडलेच.

सासूबाईंनी शांतपणे भात कालवला. ‘पावसाचं पानी मिसळलं आसंल. नदी भरली का कुंड कोमट व्हतं. आमी पोरी उन्हाळ्यात जायचो, तवा पाय ठेववत नसं.’

माझा घास हातातच राहिला. गार पाणी मिसळलं की सिलिका पातळ होते. सोडियम-पोटॅशियमचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच राहतं. म्हणून एक आकडा खाली, दुसरा वर. इतके दिवस मी उपकरणाला शिव्या घालत होते.

‘मग हे आधी का नाही सांगितलंत?’

‘तू इचारलंस कवा? तुजा अवतार बगून बोलायची सोय व्हती का?’

मे महिन्यात त्यांना सोबत घेऊन गेले. काठावर उभं राहून त्यांनी आवाज दिला, ‘बायांनो, जरा भायेर निगा! माज्या सुनंला पानी घेऊ द्या!’ पाच मिनिटांत कुंड रिकामं. मला आनंद व्हायला हवा होता, झाली चिडचिड.

त्या पाण्यात सिलिका जास्त निघाली. दोन आकडे जवळ आले, पण जुळले नाहीत. अखेर प्रबंधात एक आकडा न देता या टोकापासून त्या टोकापर्यंत असं लिहिलं, आणि का ते लिहिलं. मॅडमना ते पटलं. पावसाळ्यातल्या कोमट कुंडाची माहिती कुणाकडून मिळाली, तेही लिहिणार होते. सासूबाईंनी साफ नकार दिला. ‘माजं नाव नको तिथं. उद्या कुंडात कुनाला चटका बसला, तर मला इचारतील.’